काठमांडूची पंधरा मिनिटं

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे, मग आतल्या पडद्याकडे, आणि विचारतं, "घड्याळजी कुठे गेले?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. तरुणपणी मी लाजून पदर सावरायचे आणि म्हणायचे, "येतीलच इतक्यात." म्हणजे स्वतःच्याच वाटेकडे डोळे लावून बसायची बावळट बाई मी! आता आमच्या अहिराणीतच म्हणते, "घड्याळजी तुमच्यासमोरच बसेल शे. काय बिघडलं ते काढा बाहेर."

माहेर माझं प्रकाशा गावचं. लग्न होऊन शहाद्याला आले तेव्हा सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचे हे साखर कारखान्यात टाइमकीपर, म्हणजे मजुरांच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिणारे. घड्याळाच्या घरातला मुलगा टाइमकीपर झाला हे ऐकायला छान वाटतं, पण ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ कायम सात मिनिटं मागे. आबांनी ते चार वेळा दुरुस्त केलं आणि पाचव्यांदा म्हणाले, "घड्याळ चांगलं शे, माणूसच मांगे शे."

आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला, तसा खाली पडलेला स्क्रू शोधायला ते मला हाक मारू लागले. तांदळातला खडा दिसणाऱ्या डोळ्यांना मोहरीएवढा स्क्रू दिसणारच. शोधता शोधता मी तो लावू लागले, आणि लावता लावता खुर्चीत बसले.

आता माझ्या अकलेचा पहिला नमुना सांगते. सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस. घोड्यांचा एक व्यापारी यात्रेला जाताजाता आला आणि चावीचं घड्याळ काउंटरवर टाकून म्हणाला, "मांगे पडस. लवकर दे, मन्ही गाडी उभी शे." आबा जेवायला गेले होते. मी घड्याळ उघडल्यासारखं केलं, फुंकर मारली, काच पुसली, काटे पुढे सरकवले आणि ऐटीत दिलं. माणूस खूश, मी त्याहून खूश. यात्रा उठली तेव्हा तो परत आला. रागावला नाही. मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "बाई, आम्ही घोडाना आधी दात देखतस. तू तर नुसतं तोंड धोईसन दिधं."

त्या दिवशी आबांनी दुकानाचा एकमेव नियम मला सांगितला. "घड्याळ मांगे का पडनं, ते सांगता येस का? नही ना? मंग काटाले हात लावू नको."

नियम मी पाठ केला. पाठ केलेली गोष्ट माणूस किती सहज विसरतो, ते पुढे येईलच.

मोबाईल आले आणि मनगटं रिकामी झाली. आबा तोवर गेले होते. दुकानात दिवसाला एखादा पट्टा नाहीतर सेल, एवढंच काम. तेव्हा पन्नाशी उलटलेली मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसले. मुलं मला बघून उभी राहिली, त्यांना वाटलं नव्या मॅडम आल्या. मीही दोन मिनिटं त्यांना उभं ठेवलं. एवढा मान आयुष्यात पुन्हा कधी मिळणार होता?

पहिला लॅपटॉप उघडला त्या दिवशी मात्र मला हसू फुटलं. बाहेरून एवढा रुबाब, आणि आत कोपऱ्यात कोण बसलंय? आपलाच भिंतीवरच्या घड्याळातला स्फटिक! सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा तोच तांदळाएवढा जीव. आणि त्याला जागं ठेवायला रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल. लॅपटॉप बंद असतो, बॅटरी उतरलेली असते, तरी हा सेल आत दिव्यातल्या वातीसारखा वेळ जपत असतो. तो संपला की लॅपटॉपला काही आठवत नाही. सुरू केला की कुठल्यातरी जुन्या साली एक जानेवारीला जागा होतो. मग इंटरनेटवरच्या निम्म्या जागा त्याला दारातच अडवतात. तारीखच चुकीची म्हटल्यावर ओळखपत्र कोण मानणार? लोकांना वाटतं व्हायरस आला. मी म्हणते, काही नाही, आतला दिवा विझलाय.

आमच्याच गल्लीच्या तोंडावरचे कापडवाले केसरीमलशेठ. त्यांचा लॅपटॉप दर दिवाळीनंतर माझ्याकडे येतोच. लक्ष्मीपूजनाला ते त्याची साग्रसंगीत पूजा करतात. हळद, कुंकू, अक्षता, वर पंचामृताचा थेंब. एकदा बटणांखालून मी चिमूटभर अक्षता काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. म्हटलं, "शेठ, ह्याला प्रसाद पचत नाही."

"भाभी, पूजा तर करावीच लागते ना. सगळा धंदा ह्याच्याच पोटात."

"मग पुढच्या वर्षी झाकण लावून करा. देवाचे डोळे मिटलेले असले तरी चालतं."

तेव्हापासून ते झाकण लावून पूजा करतात, आणि थेंब आता फटीतून जातो. ह्याच शेठचं एक टोल देणारं लंबकाचं घड्याळ आहे. ते नीट लक्षात ठेवा, पुढे त्याने माझा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट.

कोरोना सरल्यानंतरच्या वर्षी उन्हाळ्यात एक मुलगी आली. पाठीवर सॅक, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. सुनीता पावरा, धडगावच्या वर डोंगरातल्या पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकून नर्सिंग पास झालेली. घरातली पहिलीच शिकलेली. बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं स्वच्छ; माझी अहिराणी कानावर पडली की जरा थांबून अर्थ लावायची.

"मावशी, उद्या माझी मुलाखत आहे. नाशिकच्या दवाखान्याची, ऑनलाईन. आणि लॅपटॉप म्हणतोय की आज दोन हजार बारा साल आहे."

जुना घेतलेला लॅपटॉप, परदेशातून वापरून आलेला. मी झाकण उघडलं, मेलेला सेल काढला, नवा बसवला. वीस मिनिटांचं काम. सुनीता डोळे विस्फारून बघत होती आणि कोणी बघत असलं की माझ्या हातात नको तेवढी कला येते. आणखी एक सांगते. ती बघत होती म्हणून मी जवळचा चष्मा लावला नाही. त्रेसष्ट वर्षांची अल्लड पोर ना मी! चष्म्यात म्हातारी दिसेन अशी भीती.

लॅपटॉपला नुसती वेळ सांगून चालत नाही, आपण कुठल्या मुलखात आहोत तेही सांगावं लागतं. कारण जगात एकाच क्षणी कुठे सकाळ असते तर कुठे रात्र. तो लॅपटॉप अजून अमेरिकेत होता. मी मुलखांची यादी उघडली, मुंबई-दिल्लीचं नाव दिसलं, बोट टेकवलं. वेळ आली, पण पंधरा मिनिटं पुढे.

इथे आबा असते तर त्यांनी माझ्या बोटांवर चिमटा मारला असता. मी काय केलं? हाताने पंधरा मिनिटं मागे केली. लॅपटॉपने इंटरनेटला विचारून ती परत पुढे नेली. मी मागे, तो पुढे. आमचं भांडणच जुंपलं. शेवटी 'वेळ आपोआप लावा' असं एक बटण असतं, ते मी बंद करून टाकलं, म्हणजे त्याचं तोंडच दाबलं, आणि वेळ हाताने बरोबर लावली. भिंतीवरच्या आमच्या खात्रीच्या घड्याळाशी सेकंदासकट जुळली.

"घे," म्हटलं. "आता सूर्य चुकेल, हे नाही चुकणार."

दुपारच्या एसटीने ती गेली.

पाचव्या दिवशी परत आली. सॅक काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "मावशी, हा लॅपटॉप कोणी विकत घेईल का?"

"का गं? मुलाखत कशी झाली?"

"झालीच नाही. मी उशिरा पोचले." तिने मान खाली घातली. "पाड्यावर रेंज नसते, म्हणून सकाळी नऊपासून टेकडीवर जाऊन बसले होते. लिंक दाबली की त्यात वेळ दिसायची सव्वाअकरा. सव्वाअकराला मी आत गेले तर कोणीच नाही. नंतर मेल आला, तुम्ही वेळेवर हजर राहिला नाहीत. वेळ तर मी भावाच्या फोनशीही ताडून बघितली होती. दोन्हीकडे सारखीच."

"मग उशीर कसा?"

"माझंच काहीतरी चुकलं असणार. गावातले सरही म्हणाले, तुम्हा लोकांना वेळेचं भान नसतं." हे ती इतक्या सरळपणे म्हणाली, जणू पुस्तकात छापलेलं वाचून दाखवत होती. "नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर अंडी भरायला मुली हव्या आहेत. मामा तिथेच आहे. सोमवारी जाते."

घड्याळ बरोबर आणि माणूस उशिरा. असली केस माझ्याकडे कधी आली नव्हती. आमच्या धंद्यात संशयातलं घड्याळ खात्रीच्या घड्याळाशेजारी ठेवून बघतात. मी तिचा लॅपटॉप उघडला आणि शेजारी दुकानाचा कॉम्प्युटर. दोन्हीवर वेळ सारखी. मग तिला तिचं मुलाखतीचं निमंत्रण दोन्हीकडे उघडायला लावलं.

तिच्याकडे सव्वाअकरा. माझ्याकडे अकरा.

निमंत्रण तेच, क्षण तोच. मी जवळचा चष्मा लावला, ह्या वेळी लाज न धरता, आणि मुलखांची यादी काढली. मुंबई-दिल्लीच्या खालच्या ओळीत श्रीलंका, तिच्या खाली काठमांडू. आणि खूण काठमांडूवर. माझं बोट दोन ओळी घसरलं होतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे बरोबर पंधरा मिनिटं असतं. मी मुलीला नेपाळात नेऊन ठेवलं, आणि वर काटे फिरवून ते झाकून टाकलं. दिसणारी वेळ आपली, पण आतला हिशोब नेपाळचा. निमंत्रण त्या आतल्या हिशोबाने तिला सव्वाअकराचं दिसत राहिलं.

तोंड धुतलं होतं, दात बघितले नव्हते.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार काय आला ते लिहिते. सुनीता माठातलं पाणी घ्यायला उठली होती. एक टिचकी मारली असती तर काठमांडूचं मुंबई-दिल्ली झालं असतं. जगात कोणाला कळलं नसतं. मी म्हटलं असतं, "मशीन तर नीट शे बाई, तुझंच काहीतरी." बोट बटणावर गेलंही होतं. तेवढ्यात आमचे हे चहाचा कप घेऊन पडद्याआडून आले. मी लॅपटॉपवरचं काठमांडू त्यांना दाखवलं. निवृत्त टाइमकीपर! कप खाली ठेवून, वाकून नीट वाचलं. मग हळूच म्हणाले, "अवो, सांगी टाक त्या पोरले."

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. चष्म्याचंसुद्धा. वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि विचारलं, "म्हणजे मी उशिरा गेले नव्हते?"

"नाही गं. तू वेळेवर होतीस. घड्याळजी चुकला."

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाखत हुकली तेव्हाचं ते पाणी असणार, इतके दिवस अडवून ठेवलेलं. आणि मग, देवाशपथ, ती हसली.

आम्ही तिघांनी दवाखान्याला पत्र लिहिलं. मी सांगत होते, सुनीता टाइप करत होती, हे स्वल्पविराम घालत होते. 'मी शहाद्याची घड्याळ दुरुस्त करणारी बाई आहे. ह्या मुलीच्या लॅपटॉपची वेळ मी चुकीची दुरुस्त केली. ती दिलेल्या वेळेला हजर होती, फक्त मी तिला शेजारच्या देशात बसवलं होतं. शिक्षा करायची तर मला करा.' सोबत दोन्ही पडद्यांचा शेजारी शेजारी फोटो जोडला. सुनीता म्हणाली, "मावशी, शिक्षेचं काढून टाकू या." हे म्हणाले, "राहू दे. मी तीस वर्षं मजुरांच्या नावापुढं 'उशीर' लिहिला. कोणाचं घड्याळ कधी मागून बघितलं नाही." एवढं बोलून ते चहाचे कप विसळायला आत गेले. हे कप विसळतात हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं.

रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. सुनीताची बॅग भरलेली. सोमवारी सकाळी तिचा फोन आला, आवाज एसटी स्टँडवरच्या गोंगाटात बुडालेला. मला वाटलं, निघाली नवापूरला.

"मावशी, मेल आला. शुक्रवारी अकरा वाजता. पण ह्या वेळी टेकडीवर नाही बसणार. तुमच्या दुकानात बसू?"

शुक्रवारी ती नऊ वाजताच हजर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये. मी तिच्या लॅपटॉपचा मुलूख तीन वेळा तपासला, दोन चष्मे लावून. 'आपोआप' चालू केलं, म्हटलं, बोल बाबा, तुला बोलायचं ते. मग लक्षात आलं की दुकानात नुसती टिकटिक आहे. भिंतीवर दुरुस्तीला आलेली पंधरा-वीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. नाशिकच्या मॅडमना मागे ही भिंत दिसली तर पत्रावर कोण विश्वास ठेवणार?

आबा होते तोवर दुकानातलं चालतं घड्याळ कोणी बंद केलं नव्हतं. ते गेले त्या दिवशीसुद्धा नाही. मी स्टुलावर चढले आणि एकेकाचा सेल काढला, एकेकाचा लंबक धरला. दुकान असं गप्प झालं की मला माझ्याच कानातला आवाज ऐकू येऊ लागला. शटर अर्धं ओढून मी पडद्याआड जाऊन बसले.

बरोबर अकराला लॅपटॉपमधून एका बाईंचा आवाज आला. दवाखान्याच्या मेट्रन होत्या. प्रश्न सुरू झाले. ताप, सलाईन, बाळंतपण. सुनीता शांतपणे उत्तरं देत होती आणि इकडे मी ह्यांचा हात घट्ट धरून बसले होते. लग्नातही एवढा धरला नव्हता.

आणि अकरा वीसला, माझ्या डोक्यावरच्या माळ्यावरून, 'टण्ण!'

केसरीमलशेठचं घड्याळ. चाचणीला म्हणून आत टांगलेलं, आणि मी साफ विसरलेलं. टण्ण. टण्ण. मी स्टुलाकडे धावले तर स्टूल बाहेर. नऊ टोल दिले मेल्याने. दहावा देईल म्हणून मी डोळे मिटून उभी.

लॅपटॉपमधून मेट्रनबाईंचा आवाज आला, "तुमच्याकडे किती वाजलेत नक्की?"

"मॅडम, अकरा वाजून वीस मिनिटं," सुनीता जराही न अडखळता म्हणाली. "हे दुरुस्तीला आलेलं घड्याळ आहे. मी घड्याळाच्या दुकानात बसलेय."

"त्या पत्रवाल्या बाईंच्या?"

"हो. त्या आत लपल्या आहेत."

हसण्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "बरं, हे सांगा. पेशंटचा मॉनिटर सगळं ठीक दाखवतोय, पण पेशंट तुम्हाला बरा दिसत नाही. काय कराल?"

सुनीता म्हणाली, "मॉनिटर बाजूला ठेवून आधी पेशंटला हात लावेन, मॅडम. आकडा बरोबर दिसला म्हणजे आत बरोबरच असेल असं नाही. हे मी गेल्या आठवड्यात शिकले."

पडद्याआड ह्यांनी मला कोपर मारलं. आबांची शिकवण मला पोचायला चाळीस वर्षं लागली, तिला एक आठवडा.

नोकरी लागली. जायच्या आधी ती दुकानात आली आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ मागितलं; नर्सला नाडी मोजायला तो लागतो. मी आबांचं चावीचं घड्याळ काढून दिलं. आतून उघडून, प्रत्येक दाता तपासून, तेल घालून. "रोज सकाळी चावी दे. आणि पुढे-मागे गेलं तर काट्याला हात लावू नकोस, माझ्याकडे आण."

आता दुकान मी निम्मं बंदच ठेवते. हात थोडे थरथरतात. स्क्रू पडला की शोधायला मलाच कोणीतरी लागतं. भिंतीवर कामाच्या जागेसमोर एक कागद चिकटवलाय, त्यावर एकच शब्द लिहिलाय: काठमांडू. गिऱ्हाइकं विचारतात, "यात्रेला जायचं शे का?" मी म्हणते, "जाऊन आले."

गेल्या दिवाळीत सुनीता सुट्टीवर घरी जाताना उतरली. तिच्या धाकट्या बहिणीने आता नर्सिंगचा फॉर्म भरलाय, तो लॅपटॉप तिच्याकडे आहे. मी थकलेली दिसले असेन. तिने काही न विचारता काउंटरवरचा माझा हात ओढला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि आबांच्या घड्याळाकडे बघत मोजू लागली. नोकरीतल्या माणसासारखी, ओठ न हलवता. पूर्ण एक मिनिट. केसरीमलशेठ लॅपटॉप घेऊन दारात उभे होते, त्यांनाही तिने हाताने थांबवलं.

"बहात्तर," ती म्हणाली. "छान चाललंय, मावशी."

मी विचारलं, "आपल्या वेळेनं की काठमांडूच्या?"

तिने माझ्याकडे बघितलं, हात सोडला नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.